अलिखिताची संहिता

१

१९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, ॲलन लेस्ली आणि उटा फ्रिथ या तीन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांपुढे दोन बाहुल्यांचे एक नाटुकले करून दाखविले. सॅली नावाची बाहुली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर निघून जाते; तिच्या पाठीमागे ॲन नावाची दुसरी बाहुली ती गोटी टोपलीतून काढून पेटीत लपविते; मग सॅली परत येते. कथानक एवढेच. पाहणाऱ्या मुलाला प्रश्न असा विचारावयाचा, की आता सॅली आपली गोटी कोठे शोधील? दुसऱ्याच्या मनातील समजूत आपल्याला ठाऊक असलेल्या वस्तुस्थितीहून निराळी असू शकते हे ज्याला उमगले आहे, तो टोपलीकडे बोट दाखवितो; ज्याला उमगलेले नाही, तो गोटी जेथे खरोखर आहे त्या पेटीकडे. स्वमग्नता असलेल्या २० मुलांपैकी १६ मुलांनी पेटीकडे बोट दाखविले. सर्वसाधारण मुलांनी, इतकेच नव्हे तर डाऊन सिंड्रोम असलेल्या आणि म्हणून बौद्धिक चाचण्यांत मागे पडणाऱ्या मुलांनीही, बहुसंख्येने बरोबर उत्तर दिले. तेव्हा हा प्रश्न बुद्धीचा नसून दुसऱ्याचे मन ओळखण्याच्या एका विशिष्ट शक्तीचा आहे, असा निष्कर्ष त्या तिघांनी काढला.

त्याआधी सहा वर्षे, १९७९ मध्ये, लोर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड या विदुषींनी लंडनच्या कँबरवेल भागातील मुलांची पाहणी करून स्वमग्नतेची जी त्रिविध लक्षणे सांगितली होती, त्यांत परस्परव्यवहार आणि संवाद यांच्या जोडीला कल्पनाशक्तीचे दौर्बल्य हे तिसरे लक्षण मांडलेले होते. काठीचा घोडा करणे, रिकाम्या कपातून चहा पिणे, बाहुलीला ताप आल्याचे सोंग करणे, असले लटके खेळ ही मुले फारसे खेळत नाहीत, हे त्या निरीक्षणाचे सार. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे, ज्याला सोंग घेता येत नाही आणि दुसऱ्याच्या मनात शिरता येत नाही, अशा मुलाला नाटकात घालण्याची कल्पना वरकरणी सर्वथा विपरीत वाटते. नाटक म्हणजे तरी दुसरे काय? परकायाप्रवेश आणि कल्पनेचा व्यापार यांखेरीज त्यात आहे तरी काय?

परंतु गेल्या काही दशकांत इंग्लंड, अमेरिका आणि आपल्याकडेही ज्यांनी हा विपरीत वाटणारा मार्ग धरला, त्यांचा अनुभव निराळी साक्ष देतो; आणि त्या साक्षीच्या मुळाशी जे कारण आहे, ते नाटकाविषयीच्या आपल्या रूढ समजुतीलाच धक्का देणारे आहे.

आपण ज्याला साधे बोलणेचालणे म्हणतो, ते वस्तुतः एक अत्यंत अवघड नाटक असून त्याची संहिता कोणी कोणाच्या हाती कधी दिलेली नसते. दारात पाहुणा उभा राहिला असता त्याच्या डोळ्यांकडे किती वेळ पाहावे, ‘या, बसा’ म्हणताना आवाज कोठे चढवावा, ‘चहा नको’ या नकारात किती होकार दडलेला आहे, थट्टा कोणती आणि अपमान कोणता, आणि ‘बरं, मग’ एवढे शब्द उच्चारून समोरचा माणूस उठण्याची इजाजत मागत आहे हे कशावरून ओळखावे, हे सारे बहुतेक मुले न शिकविता शिकतात, आणि म्हणूनच ते शिकावे लागते याचा आपल्याला पुरता विसर पडतो. ज्या मुलाला ते आपोआप येत नाही, त्याला मात्र आपण रोज सकाळी या विनासंहिता नाटकात ढकलतो आणि प्रत्येक चुकलेल्या प्रवेशाबद्दल त्याला दोष देतो. खऱ्या रंगमंचावरची व्यवस्था याच्या नेमकी उलट असते. आपण कोण, समोरचा कोण, तो काय म्हणणार, त्यावर आपण काय म्हणावयाचे, केव्हा आत यावयाचे आणि केव्हा निघून जावयाचे, हे सारे तेथे आधी ठरलेले असते. चुकले तर पुन्हा करता येते, आणि पुन्हा करण्याबद्दल कोणी हसत नाही, कारण तालीम म्हणजेच पुन्हा करणे.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते. ऐकलेली वाक्ये त्याच सुरात शंभरदा उच्चारणे, ठरलेला क्रम जरासाही मोडलेला न खपणे, एकच हालचाल तशीच्या तशी करीत राहणे, या ज्या गोष्टी वैद्याच्या टिपणवहीत लक्षणे म्हणून नोंदविल्या जातात, त्याच तालमीच्या दालनात गुण ठरतात. पाठ झालेले वाक्य रोज त्याच जागी, त्याच हेलात, त्याच हालचालीसह म्हणणारा नट प्रत्येक दिग्दर्शकाला हवाच असतो. स्वमग्न मुलाला जी कल्पनाशक्ती नाही असे आपण मानतो, तिच्यावाचून नाटक होत नाही हे खरे. परंतु त्याच्यापाशी जे आहे, त्याच्यावाचूनही ते होत नाही.

२

या विषयाचा पूर्वेतिहास थोडा कटू आहे, आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. बाल्टिमोर येथील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली आणि या अवस्थेला वैद्यकाच्या दफ्तरात स्वतंत्र खाते मिळाले. माणसांशी भावनिक संबंध जोडण्याची ही असमर्थता जन्मजात असावी, असे कॅनर यांनीच त्या लेखात लिहिले होते. परंतु त्याच लेखात या मुलांच्या आईबापांच्या कोरडेपणाविषयी त्यांनी जे शेरे मारले, त्यांचे पीक पुढे फार विषारी निघाले. शिकागो येथे मुलांची निवासी शाळा चालविणारे ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथात या अवस्थेचे खापर जवळजवळ संपूर्णपणे आईच्या माथी फोडले. त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा पिता होता, ही अवस्था मेंदूच्या घडणीतून उद्भवते, मायेच्या अभावातून नव्हे, हे सप्रमाण मांडले होते. पण आरोप जितक्या त्वरेने पसरतो तितक्या त्वरेने त्याचा खुलासा पसरत नाही, आणि आजही आपल्याकडे ‘आई नोकरी करते ना, म्हणून मूल बोलत नाही’ असे सुनावणारे नातेवाईक प्रत्येक घरात सापडतात.

हा इतिहास येथे सांगण्याचे प्रयोजन असे, की संबंध तुटला म्हणजे एका बाजूला आरोपी ठरविण्याची सवय, मग तो आरोपी आई असो की मूल, या क्षेत्राला आरंभापासून जडलेली आहे. आणि नाट्योपचाराचे खरे मोल त्या सवयीला छेद देण्यात आहे. रंगमंचावर प्रवेश पडला, तर तो एका नटामुळे पडत नाही. एकाने टाकलेले वाक्य दुसऱ्याने उचलावे लागते. न उचलले गेले तर चूक टाकणाऱ्याची की उचलणाऱ्याची, हा हिशेब तालमीत कोणी मांडीत बसत नाही. दोघांनी मिळून तो प्रवेश पुन्हा करावयाचा असतो.

नाटकाचा उपचारासाठी उपयोग करण्याची तजवीज विसाव्या शतकातच पद्धतशीरपणे झाली. व्हिएन्ना येथे जेकब मोरेनो यांनी १९२० च्या दशकात उत्स्फूर्त नाट्याचे प्रयोग करून मनोनाट्याचा पाया घातला. इंग्लंडमध्ये पीटर स्लेड यांनी १९५४ च्या ‘चाइल्ड ड्रामा’ या ग्रंथात, मुलांचे नाटक ही प्रौढांच्या नाटकाची कच्ची नक्कल नसून स्वतंत्र कला आहे, असे प्रतिपादन केले. आणि मॅरियन लिंडक्विस्ट यांनी १९६४ मध्ये सेसमी या संस्थेच्या द्वारे हालचाल आणि नाट्य यांना रुग्णालयांत नेले. आज त्या देशात नाट्योपचारक ही पदवी कायद्याने संरक्षित असून सरकारमान्य नोंदपटात नाव असल्याखेरीज ती कोणास लावता येत नाही. मात्र स्वमग्न मुलांसाठी ज्या कामाची आज सर्वाधिक चर्चा होते, ते सगळेच या नोंदणीकृत उपचारकांचे नाही. त्यातील मोठा भाग नटांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी मिळून उभा केलेला आहे. त्यांपैकी तीन प्रयत्न येथे जरा विस्ताराने पाहू.

३

केली हंटर ही रॉयल शेक्सपिअर कंपनीत कामे केलेली ब्रिटिश अभिनेत्री. विशेष शाळांतील मुलांबरोबर अनेक वर्षे काम करून तिने जी पद्धती सिद्ध केली, ती आज तिच्याच नावाने ओळखली जाते; तिचे मर्म मात्र शेक्सपिअरच्या छंदात आहे. त्याच्या पद्यपंक्तीत एक निराघात आणि एक साघात अवयव अशी जोडी पाच वेळा येते, आणि या जोडीचा ताल हृदयाच्या दुहेरी ठोक्याशी जुळतो. आगरकरांच्या ‘विकारविलसिता’पासून देवलांच्या ‘झुंझाररावा’पर्यंत शेक्सपिअर मराठीत आणताना आपण त्याचे कथानक आणि विकार आणले, हंटरने त्याच्या नाडीवर बोट ठेवले.

खेळाचा आरंभ असा होतो, की मुले आणि नट एका वर्तुळात बसतात, प्रत्येकजण छातीवर हाताने तो दुहेरी ठोका धरतो, आणि त्या ठोक्यावर सर्वजण मिळून ‘हॅलो’ म्हणतात. ठोका चालू असताना मग तोच शब्द आनंदाने, रागाने, भीतीने, दुःखाने म्हणावयाचा. नट चेहऱ्यावरचा भाव मुद्दाम ठळक करून दाखवितो आणि मूल तो उचलते. येथे शब्दाला अर्थाचे ओझे नाही, लय आधीपासून चाललेली आहे, आणि सर्वांचे बोलणे एकाच वेळी होत असल्यामुळे एकट्यावर नजरा रोखलेल्या नाहीत. जे मूल बोलत नाही, त्याला ठोक्यापुरतेही सहभागी होता येते, आणि तेवढाही सहभाग पुरेसा मानला जातो.

वर्तुळाच्या मध्यभागी मग नाटकातील एकेक क्षण खेळ म्हणून घडविला जातो. शेक्सपिअरच्या नाटकांत डोळ्यांना असाधारण महत्त्व आहे. पाहताक्षणी प्रेम जडते, पाहूनही ओळख पटत नाही, दृष्टी फसते. दोन पात्रे एकमेकांना प्रथम पाहतात तेव्हा ‘डोयोयोइंग’ असा चमत्कारिक आवाज काढून डोळे जणू उडी मारून बाहेर आल्याचा अभिनय हाताने करावयाचा, असा एक खेळ हंटरने रचला आहे. स्वमग्न मुलांना ‘माझ्याकडे बघ’ असे दिवसातून पन्नासदा बजावले जाते, आणि प्रत्येक वेळी ते बघणे त्यांना अधिक असह्य होते. येथे मात्र कोणी बघण्याचा हुकूम सोडीत नाही, बघण्याला एक गंमतीचे कारण दिले जाते.

‘द टेम्पेस्ट’ या नाटकाची या कामासाठी झालेली निवडही अर्थपूर्ण आहे. निर्जन बेटावर प्रॉस्पेरो आणि त्याची कन्या मिरांडा हे कॅलिबान नामक मूळ रहिवाशाला भाषा शिकवितात, आणि ती भाषा आपल्याला केवळ शिव्याशाप देण्यापुरती कामी आली, असे तो त्यांना उलट ऐकवितो. मिरांडा कॅलिबानला बोलावयास शिकविते, या प्रसंगाचाही हंटरच्या पद्धतीत खेळ झालेला आहे. ज्या मुलाचे अर्धे आयुष्य वाणीउपचाराच्या खोलीत कोणी तरी आपल्याला बोलते करण्याचा उद्योग पाहण्यात गेले आहे, त्याला हा प्रसंग बाहेरून, सोंग म्हणून, हसत हसत अनुभवता येणे, ही नाटकाखेरीज कोणत्या माध्यमाने साधणारी गोष्ट आहे?

अमेरिकेतील कोलंबस येथील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या नायसाँगर सेंटर या विकासविषयक अपंगत्वाच्या संस्थेने या पद्धतीची तपासणी हाती घेतली. १४ मुलांबरोबर दहा आठवडे चाललेल्या या अभ्यासाचा वृत्तांत २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. सामाजिक वर्तन, भाषेचा व्यवहारातील उपयोग आणि चेहऱ्यावरील भाव ओळखणे यांत प्रगती दिसली. दरम्यान २०१४ मध्ये त्या विद्यापीठाने आणि रॉयल शेक्सपिअर कंपनीने मिळून स्वमग्न मुलांसाठी ‘द टेम्पेस्ट’ रंगमंचावर आणले, आणि त्याच वर्षी हंटरने फ्लूट थिएटर ही आपली मंडळी स्थापन केली. तिच्या प्रयोगांत मोजकी मुले नटांसमवेत वर्तुळात बसतात आणि कथानक त्यांच्यासह पुढे सरकते. प्रेक्षक आणि नट यांच्यामधील पडदा तेथे मुळात टांगलेलाच नसतो.

४

दुसरा प्रयत्न टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात चालतो. ब्लाइथ कॉर्बेट या मानसशास्त्रज्ञ असून एके काळी स्वतः अभिनय करीत असत. त्यांनी २००९ मध्ये सेन्स थिएटर नावाचा उपक्रम सुरू केला. येथे छंदाचे महत्त्व नाही, सवंगड्याचे आहे. प्रत्येक स्वमग्न मुलाला त्याच्याच वयाचा, स्वमग्नता नसलेला एक जोडीदार दिला जातो, आणि या जोडीदारांना आधी शिक्षण देण्यात येते: मूल उत्तर देईपर्यंत किती थांबावे, त्याने पाठ फिरविली तर रागावू नये, पुढे होऊन त्याच्यासाठी सगळे स्वतःच करून टाकू नये. मग सारे मिळून नाट्यखेळ करतात, नाटक बसवितात आणि अखेरीस त्याचा प्रयोग करतात.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ८ ते १४ वर्षे वयाची ३० मुले होती. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीने त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटाला प्रत्येकी चार तासांची दहा सत्रे मिळाली, दुसऱ्याला प्रतीक्षायादीत ठेवले. नाटक केलेल्या मुलांची चेहरे लक्षात ठेवण्याची शक्ती वाढली, आणि ओळखीचा चेहरा पाहताना मेंदूत उठणाऱ्या विद्युत्‌तरंगांतही तो फरक उमटला. खेळाच्या मैदानावर अनोळखी मुलांबरोबर ती अधिक मिसळली. आणि संवादातील सुधारणा दोन महिन्यांनंतर घेतलेल्या फेरतपासणीतही टिकून होती. प्रयत्न तालमीच्या दालनात आणि परिणाम मैदानावर, हे या अभ्यासाचे वैशिष्ट्य होय. कारण शिकलेले कौशल्य शिकलेल्या खोलीबाहेर न जाणे, ही या मुलांच्या बहुतेक उपचारांची जुनी तक्रार आहे.

तिसरा प्रयत्न इंग्लंडमधील केंट विद्यापीठाचा. निकोला शॉनेसी आणि मेलिसा ट्रिमिंगहॅम या नाट्यविषयाच्या अध्यापिकांनी मानसशास्त्रज्ञांच्या सहकार्याने २०११ ते २०१४ या काळात ‘इमॅजिनिंग ऑटिझम’ हा प्रकल्प चालविला. शाळेत एक तंबूसारखी बंदिस्त जागा उभारावयाची आणि तिच्या आत कधी अरण्य, कधी समुद्रतळ, कधी अंतराळ निर्माण करावयाचे. प्रकाश, ध्वनी, कापड, बाहुल्या आणि मुखवटे घातलेले नट यांनी ती सृष्टी सजीव करावयाची, आणि मूल आत येऊन जे करील त्याला नटांनी प्रतिसाद द्यावयाचा. येथे संहिता नाही; परंतु सीमा आहे. प्रकाश किती आणि आवाज किती हे ठरलेले असल्याने, बाहेरच्या जगात ज्या इंद्रियांवर अहोरात्र मारा होतो, त्यांना आत विसावा मिळतो, आणि मग मूल स्वतः होऊन कोळिष्टकाला हात लावते किंवा बाहुलीला खाऊ भरविते. ७ ते १२ वर्षे वयाच्या २२ मुलांवरील निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांतही भाव ओळखण्याच्या शक्तीत वाढ नोंदली गेली. ज्यांना कल्पनाशक्ती नाही अशी नोंद दफ्तरात होती, ती मुले कल्पनेच्या सृष्टीत अशी वावरू लागली, तेव्हा तपासून पाहण्याजोगी वस्तू त्यांची कल्पना नसून आपण तिला दिलेली जागा होती, एवढे तरी कबूल करणे भाग पडते.

५

आता उत्साहाला थोडा लगाम घालणे आवश्यक आहे. वरील तीन अभ्यासांतील मुले एकत्र मोजली तरी त्यांची संख्या ६६ होते. ओहायोच्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. मुलात सुधारणा झाली की नाही हे अनेकदा ज्या पालकांना विचारले जाते, त्यांनी आपला वेळ, श्रम आणि आशा आधीच त्या कामात गुंतविलेली असते, आणि आशा ही साक्षीदार म्हणून फारशी भरवशाची नव्हे. स्वमग्नता ही एकच एक अवस्था नसून फार विस्तीर्ण प्रदेश आहे. अस्खलित बोलणाऱ्या मुलाला जे मानवेल, ते एक शब्दही न उच्चारणाऱ्या आणि गर्दीत कानांवर हात घट्ट दाबून बसणाऱ्या मुलाला मानवेलच असे नाही. नाटकाने स्वमग्नता बरी होते असे जो कोणी सांगेल, त्याच्यावर इतबार ठेवू नये. ती बरी करण्याजोगी व्याधीच नव्हे, असे आज ती लाभलेली अनेक प्रौढ माणसे स्वतःच बजावीत आहेत.

याच माणसांनी उपस्थित केलेला आक्षेप मात्र संख्येच्या आक्षेपाहून अधिक खोल जातो. लॉरा हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वमग्न प्रौढांनी आपल्या नित्याच्या व्यवहाराचे जे वर्णन केले, ते एका न संपणाऱ्या प्रयोगाचे वर्णन आहे: नजर कोठे ठेवावयाची हे मोजणे, हास्य आरशासमोर बसविणे, संभाषणे आधी घोकून ठेवणे, हात हलविण्याची अनावर ओढ दाबून धरणे, आणि घरी आल्यावर थकून कोसळणे. ही माणसे जन्मभर नाटकच करीत आली आहेत. केवळ त्यांना कोणी टाळ्या दिल्या नाहीत. मग मुलांना नाट्यवर्गात घालून आपण त्यांना तोच मुखवटा लहानपणापासून चढविण्याचे शिक्षण देणार काय? नाट्यवर्गाचे उद्दिष्ट ‘मूल इतरांसारखे दिसावे’ असे असेल, तर या प्रश्नाचे उत्तर होय असेच द्यावे लागेल, आणि तो वर्ग बरखास्त केलेला बरा.

परंतु दुसरे उद्दिष्ट संभवते. डेमियन मिल्टन या, स्वतः स्वमग्न असलेल्या, ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये असा सिद्धांत मांडला, की परस्परांना न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची आहे. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही हे जितके खरे, तितकेच इतरांना त्याचे मन कळत नाही हेही खरे. दुसऱ्या बाजूची चाचणी घेण्याचे मात्र कोणाला सुचले नव्हते. पुढे एडिंबरो येथे कॅथरीन क्रॉम्प्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घेतली, आणि घेतली ती आपल्या कानगोष्टींच्या खेळासारख्याच रीतीने. आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे पोचवावयास सांगितली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की सर्वजण स्वमग्न असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच शाबूत राहिली जितकी एकही स्वमग्न नसलेल्या साखळीत. मोडतोड झाली ती मिश्र साखळ्यांत. दोष कोणा एकाच्या मनात नाही, सांध्यात आहे.

या प्रकाशात नॅशव्हिलच्या जोडीदारांकडे पुन्हा पाहिले म्हणजे, नाट्योपचारात खरा उपचार कोणावर होतो, याविषयी शंका राहत नाही. ज्या मुलाला थांबावयास, वाट पाहावयास, तिरकस उत्तरातील अर्थ शोधावयास शिकविले गेले, ते स्वमग्नता नसलेले मूल होते. हंटरच्या वर्तुळातही छातीवर ठोका धरून आधी तयार बसावे लागते ते नटाला. चांगल्या नाट्यवर्गाची परीक्षा म्हणून, स्वमग्न मूल किती बदलले याच्याइतकीच, त्याच्या भोवतालची माणसे किती बदलली, या प्रश्नाने घ्यावयास हवी.

६

आपल्याकडील कायद्याला या अवस्थेची दखल घ्यावयास विलंब लागला. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात मान्य झालेल्या सात प्रकारांत स्वमग्नतेचे नाव नव्हते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आले, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकारांची यादी २१ पर्यंत वाढविली तेव्हा तेथेही त्याला जागा मिळाली. दाखला, सवलत, राखीव जागा यांचा हक्क त्यामुळे प्रस्थापित झाला. परंतु भारतीय पुनर्वास परिषदेच्या कायद्यात ज्या सोळा प्रकारच्या व्यावसायिकांची नोंद होते, त्यांत नाट्योपचारकाचा समावेश नाही. परिणामी कोणीही पाटी लावावी आणि कोणीही शुल्क आकारावे, अशी अवस्था आहे, आणि पारख करण्याची जबाबदारी आधीच थकलेल्या पालकांवर येऊन पडते.

तरीही ही भूमी नापीक नाही. मुंबईत कांचन सोनटक्के यांच्या ‘नाट्यशाळा’ या संस्थेने गेली चार दशके कर्णबधिर, दृष्टिहीन, मतिमंद म्हणून बाजूला काढलेल्या मुलांना रंगमंचावर उभे केले, आणि ज्या काळी या कामाला उपचार म्हणण्याची प्रथाही रुळली नव्हती, त्या काळी विशेष शाळांतील शिक्षकांना नाटकाचे शिक्षण दिले. तमिळनाडूत परशुराम राममूर्ती या नाट्यविषयाच्या प्राध्यापकांनी ‘वेल्वी’ या संस्थेच्या द्वारे स्वमग्न मुलांसाठी मुखवट्यांचा उपयोग केला. क्षणोक्षणी बदलणाऱ्या मानवी चेहऱ्यापेक्षा एकच भाव धरून राहिलेला मुखवटा वाचावयास सोपा असतो. आणि जो हवा तेव्हा चढविता येतो व हवा तेव्हा उतरविता येतो, तो मुखवटा उतरविण्याची मुभा नसलेल्या त्या दुसऱ्या मुखवट्याहून किती निराळा, हे सांगण्याची गरज नाही.

पालकांनी अशा वर्गात मुलाला घालण्यापूर्वी काही गोष्टींची रुजुवात करून घ्यावी. मुलाला ‘नको’ म्हणण्याची मोकळीक आहे काय, आणि ते ‘नको’ शब्दांवाचून म्हणाले तरी ओळखले जाते काय? ते हात हलवू लागले, उठून कोपऱ्यात गेले, तर त्याला जागेवर आणून बसविले जाते की खेळच त्याच्या कोपऱ्यापर्यंत नेला जातो? वर्गात इतर मुले आहेत काय, आणि त्यांना कोणी काही शिकविते काय? आणि वर्षाअखेर होणारा प्रयोग मुलासाठी आहे की देणगीदारांसाठी? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर उपचारकाच्या भिंतीवरील सनदेची चौकट किती मोठी आहे हे पाहण्याचे कारण नाही.

राहता राहिला प्रश्न आपल्या रंगभूमीचा. १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ रंगभूमीवर आणून मराठी बालरंगभूमीला जे वळण दिले, त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु त्या रंगभूमीच्या प्रेक्षागृहात स्वमग्न मूल आजही टिकू शकत नाही. घंटेचा कर्कश नाद, एकाएकी होणारा काळोख, ध्वनिक्षेपकाचा आघात, आणि मूल ओरडले की मागे वळून पाहणारी डोकी, यांपुढे त्याची आई पहिल्या अंकातच त्याला उचलून बाहेर निघते आणि पुन्हा कधी येत नाही. न्यूयॉर्कमध्ये थिएटर डेव्हलपमेंट फंड या संस्थेने २०११ मध्ये ‘द लायन किंग’चा एक प्रयोग खास या कुटुंबांसाठी योजिला, प्रखर प्रकाश आणि दचकविणारे आवाज सौम्य केले, बाहेरच्या दालनात विसाव्याची जागा ठेवली, आणि काय काय घडणार याची सचित्र माहिती कुटुंबांना आधी पोचविली. कथानकातला एक शब्दही बदलण्याची आवश्यकता भासली नाही.

आपल्याकडे एखाद्या नाट्यसंस्थेला वर्षातून असा एक प्रयोग करावयाचा झाल्यास नवे नाटक लिहवून घ्यावे लागणार नाही, की सरकारी अनुदानाच्या अर्जाचा मसुदाही करावा लागणार नाही. प्रेक्षागृहातील दिवे अर्धे चालू ठेवणे, घंटेऐवजी तोंडी सूचना देणे, दारे उघडी ठेवणे, पात्रांची छायाचित्रे आणि प्रवेशांचा क्रम दर्शविणारे चार पानांचे पत्रक आठवडाभर आधी तिकिटाबरोबर देणे, आणि मूल मध्येच रंगमंचापर्यंत चालत आले तर काय करावयाचे हे नटांनी तालमीत ठरवून ठेवणे, एवढ्यावर काम भागते. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण तिचे शिक्षण मुलाने घ्यावयाचे नसून नटांनी आणि उरलेल्या प्रेक्षकांनी घ्यावयाचे आहे. आणि जोवर त्यांनी ते घेतलेले नाही, तोवर तो प्रयोग स्वमग्न मुलांसाठी आहे, असे जाहिरातीत छापू नये.